प्रोजेक्ट चालतोय, पण लिहिता येत नाही

आमच्याकडे येणाऱ्या ई-मेलमध्ये एक वाक्य हमखास असतं. इंग्रजी विभागासाठी लिहिणारा म्हणतो, माझं इंग्रजी कच्चं आहे, सांभाळून घ्या. मराठी विभागासाठी लिहिणारा म्हणतो, शिक्षण उर्दूतून झालं, मराठीत चुका असतील. दोन भाषांत निघणाऱ्या अंकाच्या संपादकाला दोन्ही भाषांत माफी मागणारे तरुण भेटतात आणि त्यांत इंजिनिअरिंगच्या मुलामुलींची संख्या मोठी असते. या वेळचं संपादकीय त्यांच्यासाठी आहे.

गेल्या पावसाळ्यात सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाची चार मुलं मोहल्ल्यातल्या वाचनालयात प्रोजेक्टचा अहवाल घेऊन आली. सिमेंटचा काही भाग काढून त्या जागी फ्लाय अ‍ॅश घालायची, 150 मिलिमीटरचे क्यूब टाकायचे आणि 7 व 28 दिवसांनी ते दाबून फोडून बघायचे, असं काम. त्यांतला एक म्हणाला, "भाई, प्रोजेक्ट तो चलरा, पर लिखना नै आता." मग त्याने दखनीत जे सांगितलं, ते ऐकत राहावं असं होतं. तीनपैकी एक क्यूब फारच लवकर फुटला. का फुटला? त्या दिवशी व्हायब्रेटर बंद पडला होता, सळईने हाताने ठोकलं, कोपऱ्यात हवा राहिली. फुटलेल्या क्यूबचा फोटोही त्याच्या मोबाइलमध्ये होता.

अहवालात यातलं काहीच नव्हतं. पहिली अकरा पानं सिमेंटचा इतिहास, इंटरनेटवरून उचललेला. निष्कर्षात एकच वाक्य: 'द काँक्रीट इज व्हेरी स्ट्राँग अँड गुड'. फुटलेल्या क्यूबचं काय, असं विचारल्यावर तो दचकला. "वो लिखते क्या भाई? सर पूछेंगे तो?"

त्याची अडचण इंग्रजीची आहे असं त्याला वाटत होतं, त्याच्या घरच्यांना वाटत होतं, कॉलेजलाही वाटत असणार. आम्हाला मात्र तसं वाटलं नाही. इंग्रजी त्याला कमी येतं, हे खरं. पण त्याहून मोठी गोष्ट ही की, इंजिनिअरचं लिखाण म्हणजे जे घडलं ते दुसऱ्याला तपासता येईल असं मांडणं, हे त्याला चार वर्षांत कुणी सांगितलंच नव्हतं. फुटलेला क्यूब त्याला लाज वाटण्यासारखा वाटला. खरं तर अख्ख्या अहवालात त्याची स्वतःची म्हणावी अशी गोष्ट तेवढीच होती. आयएस 456:2000 हे काँक्रीटचं भारतीय मानक सांगतं की तीन क्यूबची सरासरी धरावी आणि कोणताही एक क्यूब त्या सरासरीपासून 15 टक्क्यांहून जास्त दूर नसावा. तसा असला तर त्या नमुन्याचा निकालच बाद. म्हणजे लपवलेला क्यूब हाच अहवालातला मुख्य मुद्दा होता.

आता 'व्हेरी स्ट्राँग'कडे येऊ. आपण बोलताना 'मजबूत' म्हणतो आणि काम भागतं. दारही मजबूत, दोरीही मजबूत, माणूसही मजबूत. इंजिनिअरिंगमध्ये या एका शब्दाचे चार तुकडे होतात. स्ट्रेंग्थ म्हणजे तुटण्याआधी किती बल सोसतं. स्टिफनेस म्हणजे बल लावल्यावर किती कमी वाकतं. हार्डनेस म्हणजे पृष्ठभागावर ओरखडा किंवा खड्डा पडायला किती विरोध होतो. टफनेस म्हणजे तडा जाऊन तुटण्याआधी किती ऊर्जा पचवतं. काच हार्ड असते, टफ नसते. हातातून पडली की कळतं. हे चारही शब्द पाठ केलेल्या मुलाला त्यांतला फरक सांगता येत नाही, कारण त्याने ते इंग्रजीचे शब्द म्हणून पाठ केलेले असतात. उलट ज्याला फरक दखनीत किंवा कोकणीत नीट सांगता येतो, त्याला ते शब्द एका संध्याकाळी येतात. दहावीपर्यंत उर्दूत 'इसराअ' शिकलेल्याला आणि मराठीत 'त्वरण' शिकलेल्याला अ‍ॅक्सिलरेशन नव्याने शिकायचं नसतं, फक्त त्याचं तिसरं नाव लक्षात ठेवायचं असतं. पहिल्या वर्षी वर्गात बसल्यावर मात्र त्याला वाटतं की आपलं दहा वर्षांचं शिक्षण फुकट गेलं. तिथून केटी सुरू होतात.

'शॅल' आणि 'शुड' हे शब्द शाळेच्या व्याकरणात फारसे महत्त्वाचे वाटत नाहीत. मानकात आणि टेंडरमध्ये 'शॅल' म्हणजे करावंच लागेल, 'शुड' म्हणजे केलेलं बरं, 'मे' म्हणजे मुभा. रत्नागिरी-रायगडची मुलं आखातात साइटवर जातात, तिथे वर्क परमिट आणि मेथड स्टेटमेंट इंग्रजीत असतं. तिथे उच्चार कुणी तपासत नाही. 'शॅल'ला 'शुड' समजलं तर मात्र पाडावरून माणूस खाली येऊ शकतो.

अस्खलित इंग्रजी बोलणाऱ्यांचं हे सगळं आपोआप नीट होतं, असा समज असेल तर एक उदाहरण सांगतो. जानेवारी 2003 मध्ये कोलंबिया यान उडालं, तेव्हा बाहेरच्या टाकीवरचा फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. यान अवकाशात असतानाच इंजिनिअरांनी नुकसानीचा अंदाज नासाच्या अधिकाऱ्यांपुढे स्लाइडवर मांडला. एका स्लाइडचं मोठ्या अक्षरातलं शीर्षक दिलासा देणारं होतं: चाचण्यांची आकडेवारी सावध बाजूनेच झुकलेली आहे, अशा अर्थाचं. सर्वांत खाली, बारीक अक्षरांत खरी गोष्ट होती. चाचणीत वापरलेले फोमचे तुकडे सुमारे 3 घन इंचाचे होते आणि यानावर आदळलेला तुकडा अंदाजे 1920 घन इंचाचा. तब्बल 640 पट. त्याच स्लाइडवर 'सिग्निफिकंट' हा शब्द वेगवेगळ्या रूपांत पाच वेळा आला आणि प्रत्येक वेळी अर्थ धूसरच राहिला. 1 फेब्रुवारीला यान परतताना तुटलं. सात जण गेले, त्यांत कर्नालची कल्पना चावला होती. अपघाताच्या चौकशी मंडळाने त्या वर्षीच्या अहवालात या स्लाइडवर स्वतंत्र चर्चा केली आहे. अपघाताचं कारण एक स्लाइड नव्हती, कारणं बरीच होती आणि खोल होती. तरीही इंग्रजी ज्यांच्या पाळण्यातली भाषा, त्यांनीच सर्वांत महत्त्वाचा आकडा सर्वांत खाली लिहिला होता. आपल्या मुलाने फुटलेला क्यूब जिथे ठेवला, त्याच्या जवळपासच म्हणायचं.

मग इंग्रजीच कशाला, मराठीत शिकू द्या, असं काही वाचक म्हणतील. मागणी रास्त आहे. 2021 मध्ये 8 राज्यांतल्या 14 महाविद्यालयांत 5 भारतीय भाषांतून इंजिनिअरिंग सुरू करण्याची घोषणा झाली, त्यांत मराठीही होती. आपल्यासाठी ही कल्पना नवी नाही. हैदराबादला 1918 मध्ये सुरू झालेलं उस्मानिया विद्यापीठ उर्दूतून शिकवत होतं, त्यासाठी भाषांतराचा स्वतंत्र विभाग होता, इंजिनिअरिंगसुद्धा उर्दूतून शिकवलं गेलं. मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता. 1948 नंतर ते माध्यम गेलं. मातृभाषेतून समजणं आणि इंग्रजीतून कळवणं ही आमच्या मते दोन वेगळी कामं आहेत, आणि आज दोन्ही करावी लागतात. डेटाशीट इंग्रजीत येते, मानक इंग्रजीत येतं, वरिष्ठाचा मेल इंग्रजीत येतो. माध्यमाचा वाद चालू राहील, तोवर सातव्या सेमिस्टरचं सबमिशन थांबत नाही.

अल-ख्वारिज्मीची पोस्टर आपण दर वर्षी फिरवतो. अल्गोरिदम हा शब्द त्याच्या नावावरून आला, हे खरं. पण ख्वारिज्मचा हा माणूस बगदादला जाऊन अरबीत, म्हणजे त्या काळच्या विद्येच्या भाषेत, कुणालाही पायरी पायरीने करून बघता येईल असं लिहीत होता, हे पोस्टरवर नसतं.

कॉलेजात हे शिकवत नाहीत असं नाही. मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात 'प्रोफेशनल कम्युनिकेशन अँड एथिक्स' हा विषयच आहे. पण बऱ्याच मुलांकडून आम्ही ऐकतो ते असं, की 'संवादातले अडथळे' पाठ करायचे, पाच-सात प्रकार लिहायचे आणि मार्क घ्यायचे. मुलींबद्दल एक गोष्ट वेगळी नोंदवावी लागेल. आम्ही पाहिलेल्या जर्नलांत त्यांची जर्नलं सर्वांत नेटकी असतात आणि ग्रुप डिस्कशनमध्ये त्याच सर्वांत गप्प असतात. एकीने सांगितलं, तिने तोंड उघडण्याआधीच परीक्षकाने तिच्या हिजाबकडे बघून 'हिंदीत बोललीस तरी चालेल' असं म्हटलं. बोलणाऱ्याला ती दया वाटली असेल. तिला पुढची दहा मिनिटं काही सुचलं नाही.

सच्चर समितीने 2006 मध्ये लिहिलं होतं की वीस वर्षांवरच्या लोकसंख्येत पदवी किंवा पदविका असलेले सुमारे 7 टक्के आहेत आणि मुसलमानांत 4 टक्क्यांहून कमी. इतक्या गाळणीतून जो मुलगा शेवटच्या वर्षापर्यंत पोहोचला, तो अहवालाच्या भाषेपायी मागे राहावा, हे आम्हाला मान्य नाही.

त्या चौघांसोबत आम्ही जे केलं, ते अगदी साधं होतं. सिमेंटचा इतिहास काढून टाकला. मुलगा दखनीत बोलला, दुसऱ्याने ते मोबाइलवर रेकॉर्ड केलं, मग वाक्य-वाक्य इंग्रजीत उतरवलं. एका वाक्यात एकच गोष्ट. काय केलं ते भूतकाळात, तक्त्यातून काय दिसतं ते वर्तमानकाळात. आकड्यापुढे एकक, आणि दोघांमध्ये जागा. 'गुड' आलं की प्रश्न: कशापेक्षा, किती? दुसऱ्याचं घेतलं तिथे चौकोनी कंसात क्रमांक. तेवीस पानांची नऊ झाली. लिहून झाल्यावर प्रत्येकाने दुसऱ्याचं पान मोठ्याने वाचलं. जिथे जीभ अडखळली, तिथलं वाक्य तोडलं.

एआयबद्दल मुलं विचारतातच. व्याकरण दुरुस्त करायला वापरा, आमची हरकत नाही. पण त्या यंत्राला तुमचा व्हायब्रेटर बंद पडल्याचं माहीत नाही. ते गुळगुळीत परिच्छेद देईल, त्यात तीनही क्यूब व्यवस्थित फुटलेले असतील, आणि व्हायवात परीक्षकाने 'हा आकडा कुठून आला?' विचारलं की तुम्ही एकटेच तिथे उभे असाल.

नोकरीला लागलेल्या भाईजान आणि आपांना एक विनंती. आठवड्यातले दोन तास द्या. इंग्रजीचा क्लास घेऊ नका, त्याला कुणी येत नाही. मुलांची जर्नलं वाचा. तुमच्या ऑफिसातला एखादा खरा अहवाल, गोपनीय भाग झाकून, त्यांना दाखवा. नऊ पानांत कंपनीचं काम चालतं, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं नसतं.

त्या मुलाचं व्हायवा झालं. परीक्षकाने फुटलेल्या क्यूबवरच बोट ठेवलं आणि विचारलं, व्हायब्रेटर बंद होता तर त्या दिवशी काम थांबवलं का नाही? त्याने सांगितलं, "सर, वुई शुड हॅव स्टॉप्ड." बाहेर येऊन त्याने आम्हाला फोन केला. पास झाल्याचं सांगितलं आणि लगेच विचारलं, तिथे 'शुड' बरोबर होतं ना?