पन्नास लाख भरण्याआधी एक प्रश्न विचारा

शाळेत असताना हळू सायकलची शर्यत असायची, आठवतं? जो सगळ्यात शेवटी पोहोचेल तो पहिला. जोरात सायकल कुणीही पळवतं. हळू चालवताना मात्र हँडल जरा जास्त वळलं की पाय टेकलाच. विमानाचंही तसंच आहे, फक्त तिथं पाय टेकायला जमीन नसते.

हे मला भाच्यानं सांगितलं. पोरगा नांदगावातून पायलट व्हायला निघालाय. दिवाळीत आला तेव्हा विचारलं, "स्टॉल म्हणजे इंजिन बंद पडणं ना रे?" तो हसला. "नाही मामा. इंजिन चालूच असतं. पंख हवा धरायचं सोडतो."

वेग कमी, नाक वर, अशा वेळी पंखाचा हवेशी असलेला कोन वाढत जातो. मर्यादा ओलांडली की एक पंख आधी पडतो. आपला हात आपसूक स्टिक उलट्या बाजूला नेतो, एलेरॉननं पंख उचलायला. घात तिथंच होऊ शकतो. पडलेल्या पंखाचा एलेरॉन खाली वळतो, त्या पंखाचा कोन आणखी वाढतो, तो आणखी पडतो आणि नाकालाही आपल्याच बाजूला ओढतो. विमान गिरक्या घेऊ लागतं. हाच स्पिन.

बरोबर क्रम असा: आधी स्टिक पुढे, कोन कमी. सोबत रडरनं नाक वळू द्यायचं नाही. पंखांनी हवा धरली की मग एलेरॉननं पंख सरळ. रडरही मोजूनच. धावपट्टीकडच्या शेवटच्या वळणात आतल्या पायानं रडर जास्त दाबला आणि वर नाकही ओढलं, तर हाच स्पिन जमिनीजवळ होतो. तिथं सावरायला उंचीच नसते.

हा विषय किती अवघड आहे ते एचएएलला विचारा. त्यांच्या एचजेटी-३६ या प्रशिक्षण विमानाचं पहिलं उड्डाण २००३ मध्ये झालं. स्टॉल-स्पिनच्या अडचणीमुळे शेपटीची रचना बदलावी लागली, आणि सहा गिरक्यांची स्पिन चाचणी पार पडल्याचं २०२२ च्या जानेवारीत जाहीर झालं. आता आपल्या जिल्ह्यात ओझरला एचटीटी-४० हे शिकाऊ विमान बनतंय. त्याचीही स्पिन चाचणी आधी घेतली गेली.

विमानाची एवढी परीक्षा, मग आपल्या पोरांची किती? व्यावसायिक परवान्याला २०० तासांचं उड्डाण लागतं. खर्च चाळीस-पन्नास लाखांच्या घरात. कुणी जमीन गहाण टाकतं, कुणी कर्ज काढतं. आणि आपण विचारतो काय? होस्टेल कसं, नोकरी लागेल का, तास किती दिवसांत पूर्ण होतील!

ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामती परिसरात चार दिवसांत दोन शिकाऊ विमानं कोसळली. त्यांचं कारण स्टॉलच होतं असं मी म्हणत नाही. पण तासांच्या घाईत शिकणं मागे पडू नये, एवढं तरी आपण मागू शकतो. डीजीसीएनं २०२५ मध्ये प्रशिक्षण संस्थांची पहिली क्रमवारी काढली, तेव्हा सर्वोच्च श्रेणीत एकही संस्था नव्हती.

काही जण म्हणतील, स्पिन शिकवतानाच अपघात होतात. खरं आहे. अमेरिकेनं १९४९ मध्ये साध्या परवान्यासाठीची स्पिनची सक्ती काढली, पण शिक्षकांसाठी ती ठेवली. माझंही म्हणणं तेवढंच: शिकवणाऱ्यानं स्पिन स्वतः अनुभवलेला असावा, आणि प्रत्येक विद्यार्थ्याला भरपूर उंचीवर, शिक्षक शेजारी असताना, वळणातला स्टॉल पुन्हा पुन्हा करायला मिळावा. डीजीसीएनं क्रमवारीत यालाही गुण द्यावेत.

म्हणून पालकांनो, पहिला हप्ता भरण्याआधी तोंडावर विचारा: "माझ्या मुलाला, मुलीला स्टॉल कोण शिकवणार आणि किती वेळा?" उत्तर देताना समोरचा अडखळला, तर चेकबुक पिशवीत ठेवा आणि मनमाडची गाडी धरून सरळ घरी या.

पटलं तर ज्यांच्या घरात पायलट व्हायचं स्वप्न आहे, त्यांच्यापर्यंत पोहोचवा.