सहा तारांचा प्रोजेक्ट

आधी एक साधा प्रश्न. चार वर्षं इंजिनीअरिंग करून बाहेर पडताना आपल्या हातात अशी एक तरी वस्तू असते का, जी आपण स्वतः पहिल्यापासून शेवटपर्यंत बनवलीय आणि जी चालते? डिग्री धरू नका, ती छापखान्यात बनते. बी.ई.च्या प्रोजेक्टबद्दल मी न बोललेलंच बरं. रिपोर्टसकट तयार प्रोजेक्ट कुठे मिळतो, हे फर्स्ट इयरच्या पोरांनाही माहीत असतं. राहता राहिलं एफ.ई.चं वर्कशॉप. तिथे आपण लाकडाचा एक सांधा कापला, लोखंडाचा एक तुकडा कानशीने घासला, जर्नलवर सही घेतली आणि तो जॉब भंगारात गेला. संपलं आपलं 'मेकिंग'!

म्हणून माझं म्हणणं असं आहे, की प्रत्येक इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्याने एकदा तरी स्वतःची इलेक्ट्रिक गिटार बनवावी. हसू नका. वाजवता येत नसली तरी चालेल. गेलं वर्षभर मी भिसेगावला घराच्या मागच्या पडवीत हाच उद्योग करतेय. घरच्यांना वाटतं की हे गॅदरिंगचं वेड आहे. मला मात्र वाटतं, की या चार वर्षांत खरा अभ्यास कुठे झाला असेल तर तो त्या पडवीत.

का, ते सांगते. सुरुवात मॅथ्सपासून. गिटारच्या मानेवर धातूच्या ज्या आडव्या पट्ट्या असतात, त्या फ्रेट. एका सप्तकाचे बारा सारखे भाग पाडायचे, म्हणजे प्रत्येक पुढच्या स्वराची कंपनसंख्या आधीच्या स्वराच्या १.०५९४६ पट हवी. हे दोनाचं बारावं मूळ. आता फेंडरच्या मापाची, म्हणजे साडेपंचवीस इंचाची, ६४८ मिलिमीटर तार घ्या. ६४८ ला १७.८१७ ने भागा. उत्तर येतं ३६.३७ मिलिमीटर, तिथे पहिली फ्रेट. उरलेल्या लांबीला पुन्हा १७.८१७ ने भागा, दुसरी फ्रेट. असं करत गेलं की बारावी फ्रेट बरोबर ३२४ वर येते, तारेच्या अगदी मधोमध. नाही आली, तर गणित कुठेतरी घसरलंय हे तुमचं तुम्हालाच कळतं, सरांनी लाल पेन फिरवायची गरज नाही.

आणि एक मिलिमीटर इकडेतिकडे झाला तर? पहिल्या फ्रेटला तीनेक सेंटचा फरक पडतो (शंभर सेंट म्हणजे एक अर्धस्वर), तो कुणाच्या फारसा लक्षात येत नाही. बाराव्याला पाच सेंट, आणि विसाव्याला तोच एक मिलिमीटर आठ सेंटच्या पुढे जातो. तिथे कान कुरकुरतात. टॉलरन्स म्हणजे काय हे मी ड्रॉइंगच्या पेपरात पाठ केलं होतं, पण एकच चूक दोन ठिकाणी वेगवेगळी का महाग पडते, ते समजलं इथे.

पुढचा विषय इलेक्ट्रिकल. तारांखाली जो पिकअप असतो तो म्हणजे फॅरेडेचा १८३१ चा नियम, दुसरं काही नाही. सहा लोहचुंबक, त्यांच्याभोवती केसाएवढ्या बारीक, इनॅमल केलेल्या तांब्याच्या तारेचे आठेक हजार वेढे. स्टीलची तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलतं, कॉइलमध्ये व्होल्टेज तयार होतं, ते अँपमध्ये जातं. नायलॉनची तार लावा, पिकअप मुका! आठ हजार वेढे मोजायचे कसे? त्याला एक जुगाड आहे. फिरत्या चकतीवर छोटं चुंबक चिकटवायचं, समोर एक रीड स्विच ठेवायचा आणि त्याच्या दोन वायर साध्या कॅल्क्युलेटरच्या 'बरोबर' या बटणाला जोडायच्या. एक अधिक एक दाबून ठेवलं की प्रत्येक फेरीला आकडा एकाने वाढतो. मोटर हळू फिरवायची, एवढंच पथ्य. मी शिलाई मशीनची मोटर वापरते. त्यासाठी मम्मीची परवानगी मिळवणं हे या प्रोजेक्टमधलं सर्वांत कठीण काम होतं.

एक कॉइल लावली की ती घरातल्या वायरिंगमधली ५० हर्ट्झची गुणगुणही उचलते. यावर गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हरने १९५५ मध्ये उपाय काढला. दोन कॉइल शेजारी ठेवायच्या, एकीचे वेढे आणि चुंबक दोन्ही उलटे. तारेचा सिग्नल दोन्हींत मिळून वाढतो आणि बाहेरची गुणगुण एकमेकींत कटते. हाच तो हंबकर. कॉमन मोड रिजेक्शनवर आपण व्हायवाला धडाधड उत्तरं देतो. इथे ते कानाने ऐकू येतं.

इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनो, तुम्हालाही सोडत नाही. पिकअपचा इंडक्टन्स साधारण अडीच हेन्री, आणि गिटारपासून अँपपर्यंत जाणाऱ्या चार-पाच मीटर केबलची कपॅसिटन्स पाचशेएक पिकोफॅरड धरा. रेझोनन्स काढा, ४,५०० हर्ट्झच्या आसपास येतो. केबल लांब केली की हा आकडा खाली उतरतो आणि आवाज बोथट होतो. मेकॅनिकलवाल्यांसाठी मान आहे. सहा तारांची मिळून ओढ पंचेचाळीसएक किलो, म्हणजे सिमेंटच्या पोत्याला थोडीशीच कमी. ती ओढ रात्रंदिवस त्या बारीकशा मानेवर. म्हणून मानेच्या पोटात लोखंडाची सळई घालतात, ट्रस रॉड. बेंडिंग मोमेंटचा उलटा मोमेंट! सिव्हिलवाले हसतील, पण आहे ते हेच.

आता पहिला आक्षेप. 'हे सगळं परदेशात ठीक आहे, तिकडे सगळं सामान मिळतं.' पण तिकडे तरी हे कुणी सुरू केलं? लिओ फेंडर कॅलिफोर्नियात रेडिओ दुरुस्त करायचा. त्याला शेवटपर्यंत गिटार वाजवता आली नाही. त्याने मान चार स्क्रूंनी बॉडीला जोडली, म्हणजे खराब झाली तर सरळ बदलता येते, आणि १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर बाजारात आणली. क्वीन बँडचा ब्रायन मे तर आपल्यासारखाच विद्यार्थी होता. १९६३ मध्ये, सोळाव्या वर्षी, त्याने वडिलांबरोबर घरीच गिटार करायला घेतली. मानेचं लाकूड जुन्या शेकोटीच्या चौकटीचं, स्प्रिंगा जुन्या मोटरसायकलच्या इंजिनातल्या, फ्रेटबोर्डवरचे ठिपके आईच्या डब्यातल्या शिंपल्यांच्या बटणांचे. पुढे सगळं जग ऐकत राहिलं ती हीच गिटार. २००७ मध्ये हाच माणूस खगोलभौतिकीत पीएच.डी. झाला. आणि त्याच बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी शिकला कुठे? आपल्या पाचगणीत, सेंट पीटर्स शाळेत. म्हणजे नातं अगदीच लांबचं नाही!

आणि आपल्याकडे वाद्यं बनत नाहीत असं कोण म्हणतं? मिरजेला जा. तिथले शिकलगार मुळात हत्यारं बनवणारे आणि त्यांना धार लावणारे कारागीर. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तलवारींची गरज संपत आली, तेव्हा फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी तेच कसबी हात तंबोऱ्याला आणि सतारीला लावले, आणि त्यांचं नावच सतारमेकर पडलं. पंढरपूरकडचा भोपळा, तुणीचं लाकूड, आणि शेवटी घोडीवर जवारी काढायची, म्हणजे तिचा माथा इतका हलकेच घासायचा की तार त्याला जेमतेम चाटून जाईल. त्याचं माप कुठल्याच तक्त्यात नाही, कान सांगेल तिथे थांबायचं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्या किती जणांना हे माहीत आहे? मला तरी कॉन्व्हेंटमध्ये हे कुणी शिकवलं नव्हतं.

मिरज लांब वाटत असेल तर आपल्या रायगडातल्या कुठल्याही हळदीला उभे राहा. बेंजो पार्टीतला तो बेंजो म्हणजे काय? मुळात १९१२ चं जपानी वाद्य, टाइपरायटरसारखी बटणं असलेलं. ते आपल्याकडे येऊन बुलबुलतरंग झालं, मग कुणीतरी त्याला पिकअप लावला आणि भोंग्यातून वाजवलं. इलेक्ट्रिक गिटारचं सख्खं भावंडच ते! आपण त्यावर नाचतो, पण आत काय आहे हे बघायला खाली वाकत नाही.

दुसरा आक्षेप पैशांचा. इथे मी खोटं बोलणार नाही. पहिली गिटार बनवून पैसे वाचत नाहीत. हत्यारं, फ्रेटची तार, खुंट्या, ब्रिज, सगळं धरलं तर दुकानातली नवशिक्यांची गिटार स्वस्त पडते. म्हणून माझा सल्ला असा, की एकदम कापाकापी करू नका. आधी आहे ती गिटार उघडा. तारा बदला, मानेचा बाक आणि ब्रिजची उंची नीट लावा, मग पिकअप बदला, टोनचा कपॅसिटर बदलून बघा. सोल्डरिंग गन आणि मल्टिमीटर तर आपल्याकडे असतोच. एडी व्हॅन हेलनने सत्तरच्या दशकात हेच केलं. स्वस्तातली बॉडी, स्वस्तातली मान, त्यात गिब्सनचा हंबकर बसवला आणि चिकटपट्ट्या लावून पट्टे रंगवले. ती गिटार जगप्रसिद्ध झाली. बॉडी नंतर कापा. लाकूड नवं घेऊ नका, आमच्याकडचा पावसाळा त्याला सरळ राहू देत नाही. जुन्या घराचं दार किंवा चौकट शोधा, पन्नास पावसाळे बघून शांत झालेलं सागवान. ते वजनाला भारी आणि तेलकट असतं, त्यामुळे चिकटवण्याआधी थिनरने पुसून घ्यायचं.

ते सागवान रंधून घ्यायला मी गावातल्या एका सुतारकाकांकडे जायला लागले. चिझेल मला माहीत होतं, पटाशी हा शब्द त्यांच्याकडे कळला. रंधा, गिरमिट, कानस, सगळं तिथेच. एक दिवस ते काम थांबवून म्हणाले, "पोरी, माझ्या पोराला मी इंजिनीअरिंगला घातलं ते हे हातात धरायला लागू नये म्हणून. आणि तू इंजिनीअरिंग करून हेच शिकायला आलीस?"

त्यांच्या आवाजात चेष्टा नव्हती. त्यांनी आयुष्यभर हाताने काम केलं आणि त्यांना त्याचा मान कधी मिळाला नाही, म्हणून मुलाला त्यातून बाहेर काढलं. त्यात त्यांचं काय चुकलं? पण आपलं काय? त्यांच्या मुलाला चार वर्षांत आपण काय दिलं? त्याच्या वडिलांना लाकडाच्या रेषा बघून ते कुठे वाकेल हे सांगता येतं. मुलगा मॉड्युलस ऑफ इलॅस्टिसिटीची गणितं सोडवतो. दोघं एका घरात जेवतात, पण एकाचं ज्ञान दुसऱ्याला कळत नाही. आपल्याकडे हाताने करतो तो कारागीर आणि कागदावर करतो तो साहेब, अशी जी भिंत आहे, ती आपल्या कॉलेजमध्ये पडायला हवी होती. तिथे तर ती आणखी एक मजला चढते. म्हणूनच मला ही गिटार हौसेपेक्षा मोठी वाटते. ती बनवताना साहेबाला कारागिराकडे जावंच लागतं, विद्यार्थी म्हणून.

तिसरा आक्षेप नेहमीचा. 'प्लेसमेंटला याचा काय उपयोग?' कदाचित काहीच नाही. पण इंटरव्ह्यूमध्ये 'तुम्ही काय बनवलंय?' असं विचारलं तर निदान गप्प बसावं लागणार नाही. आणि उपयोग नसला तरी काय बिघडलं? अॅप्टिट्यूडचे क्लास, सबमिशन, केटी, लोकलची धक्काबुक्की, या सगळ्यात एक गोष्ट अशी असावी जी आपण कुणाच्या सहीसाठी करत नाही.

आता मुद्द्याचं. आपलं वर्कशॉप फर्स्ट इयरची बॅच संपली की कुलपात जातं. आत लेथ आहे, ड्रिल आहे, सुतारकामाची टेबलं आहेत, आणि बाहेर आपण आहोत. शनिवारी दुपारी तीन तास ते विद्यार्थ्यांसाठी उघडं ठेवावं, एवढीच मागणी आहे. एक इन्स्ट्रक्टर हजर, गॉगल आणि बूट सक्तीचे, सामान ज्याचं त्याने आणायचं. मार्क नकोत, सर्टिफिकेट तर अजिबात नको. ते आलं की लगेच जर्नल कॉपी करणं सुरू होईल. आणि महिन्यातून एकदा गावातला एखादा सुतार, मोटार रिवाइंडिंगवाला किंवा बेंजो दुरुस्त करणारा बोलवावा, मानधन देऊन, गेस्ट लेक्चरला येणाऱ्या साहेबांना देतात तसंच. गिटार नको असेल तर रेडिओ बनवा, स्पीकर बनवा, सायकल बनवा. पण असं काहीतरी बनवा, जे चुकलं तर लपवता येणार नाही.

अर्ज मी लिहून ठेवलाय. प्रिन्सिपल सरांकडे नेण्याआधी त्यावर सह्या हव्या आहेत. येत्या शनिवारी दुपारी दोन वाजता मी वर्कशॉपच्या बंद दाराबाहेर थांबणार आहे. पेन आणा.