मुलांचे कागद आधी, निकाल मागाहून

शेतकरी मृगाची वाट पाहतो, पण हात जोडून बसून पाहत नाही. नांगरट उन्हाळ्यातच होते. बियाणे आधी निवडून ठेवले जाते. तिफण मोडली असेल तर ती पावसाआधी सुताराच्या दारी जाते. पाऊस पडल्यावर जो बियाणे शोधू लागतो त्याला सारे गाव हसते. परंतु तोच शहाणा शेतकरी आणि तोच सुतार आपल्या मुलाच्या बारावीनंतरच्या शिक्षणाचे बाबतीत निकाल लागेपर्यंत स्वस्थ बसतो, आणि निकाल लागला म्हणजे तालुक्याकडे धावत सुटतो. आमचे स्पष्ट मत आहे की, धाराशिव जिल्ह्यातील कित्येक हुशार मुलांचे शिक्षण गुणांवाचून अडत नाही, कागदांवाचून अडते. आणि ते कागद बारावीच्या वर्षात, होता होईल तो अकरावीतच, तयार झाले पाहिजेत.

निकाल मे महिन्यात लागतो. मग घरोघर काय घडते ते पाहा. तहसील कचेरीत व सेवा केंद्रावर एकच झुंबड उडते. कोणाच्या आधारकार्डावर नाव एक, तर दहावीच्या गुणपत्रिकेवर दुसरेच. कोणाचा मोबाईल नंबर बदललेला, सबब ओटीपी येत नाही. तितक्यात कॉलेजची तारीख येऊन ठेपते. मग मध्यस्थ पुढे सरसावतो, सावकार दार उघडतो, शेळ्या बाजारात जातात. जी फी सरकारने माफ केली होती तीच कर्ज काढून भरली जाते. घरात मुलगा व मुलगी दोघेही शिकत असतील तर पहिली कुऱ्हाड कोणावर पडते, हे आम्ही सांगायला नको. मुलीला म्हणतात, "तू यंदा थांब." ते यंदा काही संपत नाही, पुढच्या माघ-फाल्गुनात मांडव पडतो.

बंधूंनो, मदत नाही म्हणून हे घडते असे कोणी समजू नये. मदत आहे. राजर्षी शाहू छत्रपतींनी १९०१ साली कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले, व पुढे अनेक जातींची वसतिगृहे उभी केली. कर्मवीर भाऊरावांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापली. आमचा मुलूख त्या वेळी निजामाच्या राज्यात होता. १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षण उर्दूत चाले. मराठवाड्यात डॉ. आंबेडकरांनी औरंगाबादेस कॉलेज काढले ते १९५० साली, आणि मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले ते १९५८ साली. म्हणजे आमच्या आजोबांना जे मागायलाही जागा नव्हती ते आज कायद्याने व शासन निर्णयाने नातवंडांच्या नावे आहे. ते पदरात पाडून घेणे आपल्या हाती आहे.

काय काय आहे ते थोडक्यात सांगतो. अनुसूचित जातीच्या कुटुंबाचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत असल्यास मुलाला भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. वसतिगृहात जागा न मिळाल्यास स्वाधार योजना आहे. पुण्या-मुंबईसारख्या ठिकाणी शिकणाऱ्यास तीतून वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत मिळतात. इतर मागासवर्ग, भटके-विमुक्त व आदिवासी यांच्यासाठीही अशाच निरनिराळ्या योजना आहेत. आरक्षणात न बसणाऱ्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरातील मुलास राजर्षी शाहू शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीतून निम्मे शुल्क मिळते. अल्पभूधारकांच्या व नोंदणीकृत मजुरांच्या मुलांस डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. गवंडी, सुतार, सेंट्रिंगवाले यांनी बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे आपली नोंदणी करून ती चालू ठेवली असेल, तर त्यांच्या दोन मुलांच्या शिक्षणास मंडळ वेगळी मदत देते. आणि ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातील ईडब्ल्यूएस, एसईबीसी व ओबीसी मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमाचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. मात्र प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतूनच झाला पाहिजे. व्यवस्थापन कोट्यातून घेतला तर ही माफी नाही. तेव्हा मुलीला थांबविणाऱ्या बापाने आता फीचे निमित्त सांगू नये.

आता मुख्य गोष्ट कागदांची. कागद दोन जातींचे असतात, आणि हा फरक ज्याला कळला त्याचे अर्धे काम झाले.

पहिले कागद न शिळे होणारे: जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, अधिवासाचा दाखला. यांतील वैधता प्रमाणपत्रास सर्वांत जास्त वेळ लागतो, म्हणून ते अकरावीतच हाती घ्यावे. त्यासाठी जुना पुरावा लागतो. अनुसूचित जातीस १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातीस ६ सप्टेंबर १९५०, भटक्या-विमुक्तांस २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गास १३ ऑक्टोबर १९६७, या तारखांच्या आधीचा. पणजोबा-आजोबांच्या शाळेच्या प्रवेश-निर्गम रजिस्टरचा उतारा हा चांगला पुरावा होय. येथे आम्हांस एक बोलल्याशिवाय राहवत नाही. ज्याला शाळेचा उंबरा चढू दिला नाही, त्याच्याच नातवाला आज विचारतात की, तुझ्या आजोबाचा शाळेचा दाखला कोठे आहे! असो. शाळेचा नसेल तर खासरा पत्रक, पाहणी पत्रक, जन्ममृत्यूची नोंद, जुने खरेदीखत शोधावे. आमच्या भागातील जुने दप्तर उर्दूत किंवा मोडीत असते. नक्कल काढणे व ती वाचून घेणे हे एका दिवसाचे काम नव्हे. कुणबी नोंदी शोधण्यासाठी सरकारने २०२३ साली न्या. शिंदे समिती नेमली, तेव्हा याच दप्तरांचे गठ्ठे सोडावे लागले. चुलता, चुलत भाऊ अशा बापाकडील रक्ताच्या नात्यात कोणाची वैधता आधीच झाली असेल, तर तो कागद सोन्याच्या मोलाचा. तेव्हा भावकीशी बांधावरून भांडण असले तरी निदान या कामापुरते बोलत चला.

दुसरे कागद शिळे होणारे: उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेयर, ईडब्ल्यूएस. यांची मुदत ३१ मार्चला संपते. आदल्या दिवाळीत काढलेला उत्पन्नाचा दाखला जूनमध्ये पुढे केला तर परत येण्याचा संभव फार. म्हणून हे कागद १ एप्रिलनंतर, परंतु निकालाच्या आधी काढावे. बारावीची परीक्षा झालेली असते, मुलगा मोकळा असतो आणि कचेरीत अजून गर्दी नसते.

आमच्या जिल्ह्यात यात आणखी एक अडचण आहे, आणि ती शहरातल्यांना ठाऊक नाही. भूम, परंडा, वाशी, कळंब या भागांतील पुष्कळ कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीस जातात ती पाडव्याच्या सुमारास परततात. सीईटीचे व नीटचे अर्ज भरण्याचे दिवस नेमके त्याच काळात येतात. आईबाप फडात, मुलगा आजीजवळ, आणि ओटीपी बापाच्या मोबाईलवर! यास्तव कोयता उचलण्यापूर्वी, म्हणजे दसऱ्याच्या आत, चार गोष्टी उरकाव्या. मुलाचे नाव आधार, गुणपत्रिका व बँक या तिन्ही ठिकाणी अक्षरशः एकच करून घ्यावे. मुलाच्या नावे खाते उघडून ते आधारला जोडावे, कारण शिष्यवृत्तीची रक्कम थेट खात्यात येते. आधारला चालू मोबाईल नंबर जोडावा. वैधतेचा अर्ज दाखल करून त्याची पोच जपून ठेवावी.

आणि हेही ध्यानात असू द्या की, कॉलेजात प्रवेश मिळाला म्हणजे शिष्यवृत्ती आपोआप लागत नाही. तिचा अर्ज महाडीबीटीवर वेगळा भरावा लागतो, आणि दरवर्षी नव्याने पुढे चालवावा लागतो. पहिल्या वर्षी मिळाली म्हणून दुसऱ्या वर्षी जो निजला तो मुकला.

कोणी म्हणेल, "मास्तर, सारा बोजा गरिबावरच का? सरकारने काय करायचे?" प्रश्न रास्त आहे. शिष्यवृत्तीची रक्कम वर्ष उलटून गेल्यावर यावी, आणि तोवर कॉलेजने मुलाला फीसाठी दारात उभे करावे, ही रयतेची थट्टा आहे. फीची माफी असलेल्या मुलाकडून पूर्ण फी आगाऊ मागणे बंद झाले पाहिजे. दाखल्यांची शिबिरे जूनमध्ये तालुक्याला भरवून काय उपयोग? ती दसऱ्याआधी खेड्यांतल्या कनिष्ठ महाविद्यालयांत भरली पाहिजेत. जुन्या शाळांची रजिस्टरे वाळवीच्या तोंडी आहेत. ती जपणे हे आम्हां मास्तरांचे काम आहे, आणि त्यांची नक्कल मागणाऱ्याला हेलपाटे घालावयास लावणे हे पाप आहे. हे सारे आम्ही मागत राहूच. परंतु सरकार सुधारेपर्यंत मुलाचे वय थांबत नाही.

दुसरा म्हणेल, "शिकून तरी नोकरी कोठे ठेवली आहे?" खरे आहे, नोकऱ्या थोड्या आहेत. पण न शिकलेल्यासाठी काय ठेवले आहे ते आम्ही दरसाल पाहतो: कारखान्याची टोळी आणि मुकादमाची उचल. त्यापेक्षा शिक्षणाची जुगारी बरी. शिवाय शिकलेला मुलगा स्वतःचा अर्ज स्वतः भरतो, आणि पुढे धाकट्या भावंडांचाही भरतो. मध्यस्थाची पोटपूजा तिथे थांबते.

म्हणून गावोगावच्या बंधुभगिनींना आमचे सांगणे एवढेच. येत्या ग्रामसभेत गटाराच्या व दिव्याच्या प्रश्नाबरोबर हा प्रश्न घ्या: गावात यंदा अकरावी-बारावीला मुले-मुली किती, आणि कोणाचा कोणता कागद राहिला आहे? त्याची यादी शाळेत लावा. गावात पदवीपर्यंत पोचलेली पाचदहा पोरे तरी असतातच. एकेकाने दोन-दोन घरे वाटून घ्यावी. यात खर्च थोडा, भाषणे मुळीच नाहीत. घरातल्या खुंटीला एक पिशवी टांगा, आणि मुलाचा प्रत्येक कागद व त्याची नक्कल तीत पडू द्या. सातबारा जसा जपता तसाच ती जपा. सातबाऱ्यावरची जमीन भावांत वाटली जाऊन कमी होत जाते. मुलाच्या विद्येत भाऊबंदाला वाटा मागता येत नाही.

— खेड्यातील एक शाळामास्तर, जिल्हा धाराशिव