गोधडी घरची आणि गिऱ्हाइकाची

गोधडी ही मुळात विकायची वस्तू नव्हेच. आजीची लुगडी, आजोबांची धोतरे एकावर एक अंथरायची आणि धावदोरा घालीत जायचे. नातवाच्या अंगावर सारे घरच पांघरले जाई. आज मुलुंड-घाटकोपरच्या दोन खोल्यांत हीच गोधडी ऑर्डरीवर शिवली जाते. मग घरची अर्धी गोधडी माळ्यावर जाते. गिऱ्हाइकाची तारीख गाठायची असते ना!

याला नाइलाज म्हणावे काय? मला तसे वाटत नाही. घरची गोधडी फुकट, म्हणून विकायचीही स्वस्त, असा आपला हिशेब. कापड-दोऱ्याचे पैसे धरतो, हातांचे धरत नाही. १९५९ साली गिरगावात ७ स्त्रियांनी उसन्या ८० रुपयांवर 'लिज्जत'चा पापड सुरू केला. तेथे लाटलेल्या वजनावर मजुरी मिळते, आणि लाटणाऱ्याच मालकही असतात. टाक्यांचेही असेच मोल व्हावे. मजुरी नीट मिळाली, तर थोड्या ऑर्डरींत भागेल आणि आठवड्यातली एखादी दुपार घरच्या गोधडीला राहील. तिच्यावरच हात बसला, म्हणून तर गिऱ्हाईक दारी आले. मित्रहो, भाव करताना एवढे ध्यानात ठेवाल ना?