घुबडाचे पेलेट : उंदीर नियंत्रणातील दुर्लक्षित पुरावा

उंदरांमुळे होणारे पिकांचे नुकसान आणि त्यावरील विषारी आमिषे हा कृषी विस्ताराचा नेहमीचा विषय आहे. मोहीम संपली की किती गावे झाली, किती शेतकरी सहभागी झाले आणि किती औषध वाटले, यांचा हिशेब अहवालात येतो. त्याच शिवारात रात्रभर उंदीर पकडणाऱ्या घुबडाचा उल्लेख मात्र अहवालात क्वचितच आढळतो. वास्तविक त्या कामाची नोंद घुबड स्वतःच मागे ठेवत असते. जुन्या वाड्याच्या माळवदाखाली, पडक्या गोठ्यात, गोदामाच्या तुळईखाली किंवा विहिरीवरील वडाच्या बुंध्याशी केस आणि हाडे यांच्या काळपट गोळ्या पडलेल्या असतात. अभ्यासक त्यांना पेलेट म्हणतात. ही पेलेट शोधणे, त्यांचे योग्य छायाचित्र घेणे आणि त्यांतील हाडे मोजणे हे काम उंदीर सर्वेक्षणाचा नियमित भाग व्हावयास हवे, आणि विषाची शिफारस त्यानंतर व्हावी.

पेलेट म्हणजे विष्ठा नव्हे. घुबड लहान भक्ष्य बहुधा अख्खे गिळते. मांस पचते, परंतु केस, हाडे, दात आणि कीटकांची कठीण कवचे जठरात अडकून त्यांचा घट्ट गोळा बनतो आणि काही तासांनी घुबड तो तोंडावाटे बाहेर टाकते. घार, ससाणा यांच्या जठरात हाडे बरीचशी विरघळतात. घुबडाचा जठररस त्या मानाने सौम्य असल्यामुळे कवटी व जबडे ओळखता येतील इतके शाबूत राहतात. गव्हाणी घुबडाचे पेलेट साधारण ४ ते ६ सेंटीमीटर लांब असते. ताजे असताना ते काळे व चकचकीत दिसते, जुने झाले की करडे व ठिसूळ होते. कोल्हा, उदमांजर यांच्या विष्ठेतही केस सापडतात. पण तिला उग्र वास असतो, तिचे टोक निमुळते असते आणि तिच्यातील हाडे चावून तुकडे झालेली असतात.

या गोळ्यातील दात बरेच काही सांगतात. उंदीर-घुशींच्या जबड्यात पुढे छिन्नीसारखे दात, मग मोकळी जागा आणि त्यामागे दाढा अशी रचना असते. चिचुंद्रीच्या जबड्यात अशी मोकळी जागा नसते, दातांची टोकदार रांग सलग असते. जर्बिल जातीच्या उंदराच्या वरच्या पुढच्या दातांवर उभी खाच दिसते. लहान घुशीची कवटी शेतातील छोट्या उंदराच्या कवटीपेक्षा स्पष्टपणे मोठी व दणकट असते. कवट्या आणि खालच्या जबड्याचे डावे-उजवे भाग वेगवेगळे मोजून त्यांतील सर्वांत मोठी संख्या घेतली, की त्या पेलेटात किमान किती प्राणी होते ते कळते. भिंग, चिमटा, पांढरा कागद आणि कोमट पाणी एवढ्या साहित्यात हे काम कृषी विज्ञान केंद्राच्या टेबलावर होऊ शकते.

‘एक घुबड वर्षाला हजार उंदीर खाते’ अशा स्वरूपाची विधाने मेळाव्यांतून सर्रास केली जातात. ऐकणारा शेतकरी त्यावर मान डोलावतो आणि घरी जाऊन आमिषाची पुडी फोडतो, कारण ती संख्या त्याच्या शिवारातली नसते. शिवाय सर्व घुबडे सारखी नसतात. गावोगाव दिसणारा पिंगळा उंदीर खात असला तरी त्याच्या आहारात कीटकांचा वाटा मोठा असतो, आणि त्याचे पेलेट अनेकदा कवचांच्या तुकड्यांनीच भरलेले असते. गव्हाणी घुबडाचा मुख्य आहार मात्र लहान सस्तन प्राणी, विशेषतः उंदीर हा आहे. आपल्या गोठ्यामागे कोणते घुबड आहे आणि ते काय खाते, हे त्याच गोठ्याखालील पेलेट सांगते. आपल्याच गावच्या जागेतून निघालेल्या कवट्या कागदावर मांडलेल्या पाहिल्या, की शेतकऱ्याला वेगळे पटवून द्यावे लागत नाही.

या पुराव्याला मर्यादाही आहे. काय खाल्ले ते पेलेट सांगते, शेतात काय उरले ते सांगत नाही. म्हणून त्याच्या जोडीला जिवंत बिळांची मोजणी हवी. संध्याकाळी सर्व बिळे मातीने बुजवावीत आणि सकाळी उकरून उघडलेली बिळे मोजावीत, ही पद्धत विस्तार कार्यकर्त्यांना परिचित आहेच. पेलेटसाठीही तोच शिस्तीचा मार्ग घ्यावा. प्रथम जागा स्वच्छ करावी आणि पंधरा दिवसांनी तेथे पडलेली पेलेट गोळा करावीत, म्हणजे नोंद किती दिवसांची आहे हे निश्चित होते. दोन्ही आकडे एकाच वहीत शेजारी असतील, तरच त्यांवरून निर्णय घेता येईल.

छायाचित्र हा या नोंदीचा कणा आहे, कारण पेलेट टिकत नाही. पावसाने ते विरघळते आणि कपडे कुरतडणाऱ्या पतंगांच्या अळ्या त्यातील केस खाऊन टाकतात. हात लावण्यापूर्वी ते पडलेल्या स्थितीत एकदा टिपावे. मग शेजारी मोजपट्टी ठेवून वरून आणि बाजूने, सावलीतील नैसर्गिक प्रकाशात छायाचित्र घ्यावे. मोजपट्टीऐवजी हात किंवा नाणे ठेवल्यास मापाचा अंदाज दुसऱ्यास नीट येत नाही. उकलल्यानंतर सर्व जबडे एका रांगेत मांडून पुन्हा छायाचित्र घ्यावे. दिनांक, पीक आणि घुबडाची जात वहीत लिहावी. पेलेटांत रोगजंतू असू शकतात, त्यामुळे हातमोजे व मुखपट्टी वापरावी आणि काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत.

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. गव्हाणी घुबड घरटे विणत नाही. जुन्या पेलेटांच्या भुग्यावरच ते अंडी घालते. म्हणून ढोलीच्या किंवा कोनाड्याच्या आतील पेलेट कधीही काढू नयेत, आत फ्लॅश मारू नये आणि पिल्ले असताना तेथे वर्दळ करू नये. जमिनीवर पडलेली पेलेट नोंदीस पुरेशी असतात.

याहून मोठा धोका छायाचित्राच्या प्रसारातून संभवतो. तांत्रिक विधी आणि अंधश्रद्धा यांसाठी घुबडांची चोरटी विक्री होते आणि दिवाळीच्या सुमारास ती वाढते. २०१० मध्ये ट्रॅफिक इंडियाने प्रसिद्ध केलेल्या अहवालाने या व्यापाराचे स्वरूप देशापुढे मांडले. बंगालमध्ये गव्हाणी घुबडाला ‘लक्ष्मी पेंचा’ म्हणतात आणि देवीचे वाहन मानतात, तर मराठी मुलखात त्याच्या नावात गव्हाण असूनही त्याला अशुभ ठरवून हुसकावले जाते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घुबडांना संरक्षण दिले आहे, पण गटांमध्ये फिरणाऱ्या छायाचित्रासोबत ढोलीचा नेमका पत्ता गेला तर कायदा तेथे वेळेवर पोहोचत नाही. म्हणून मोबाईलमधील स्थाननोंद बंद ठेवावी, प्रसारित नोंदीत फक्त तालुका लिहावा आणि नेमकी जागा शेतकरी व कार्यकर्ता यांच्यापुरती ठेवावी. हा धोका नोंद टाळण्याचे कारण ठरू नये. गावाला ज्याचा उपयोग कळलेला आहे, त्या घुबडाला राखायला गावच उभे राहण्याची शक्यता अधिक असते.

ज्या शिवारात ताजी पेलेट सापडतात, तेथे विषाचा विचार बदलावा लागतो. ब्रोमॅडिओलोनसारख्या रक्त गोठू न देणाऱ्या विषाने उंदीर लगेच मरत नाही. काही दिवस तो मंदावलेल्या स्थितीत फिरतो आणि घुबडाला सहज सापडतो. त्याच्या शरीरातील विष घुबडाच्या यकृतात साठते. अशा ठिकाणी सापळे, बांधांची स्वच्छता, बिळे खणणे आणि पक्षीथांबे यांना अग्रक्रम द्यावा. उद्रेकाच्या काळात केवळ घुबडांवर विसंबता येणार नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. तेव्हा आमिष वापरावे लागले, तर ते बिळात खोल ठेवावे, मेलेले उंदीर रोज गोळा करून पुरावेत आणि उरलेले आमिष काढून घ्यावे.

घरटे-पेट्यांचा आग्रह अलीकडे वाढला आहे. इस्रायलमधील बेत शेआन खोऱ्यात १९८३ मध्ये अशा पेट्यांची सुरुवात झाली. मलेशियातील तेलताडाच्या मळ्यांतही त्या वापरल्या जातात. पण पेटी बसवली म्हणजे काम झाले, असे नाही. पेटीखाली पेलेट पडतात का आणि त्यांत पिकाचे नुकसान करणाऱ्या उंदरांचे जबडे आहेत का, हे पाहिल्याशिवाय त्या खर्चाचे समर्थन करता येत नाही.

यासाठी वेगळ्या योजनेची वा निधीची वाट पाहण्याचे कारण नाही. प्रत्येक विस्तार कार्यकर्त्याने येत्या रब्बीत एक गाव निवडावे, तेथील घुबडाच्या बसण्याच्या दोन जागा शोधाव्यात आणि पेरणीपासून काढणीपर्यंत पंधरवड्याने नोंद ठेवावी. हंगामाच्या शेवटी ती वही ग्रामसभेत उघडावी आणि पुढील वर्षी विष कोठे टाकायचे व कोठे टाकायचे नाही, हे गावाने तिच्या आधारे ठरवावे.