आजीचे मन आणि नातवाचा मेंदू

‘मन म्हणजे अखेर मेंदूच की!’ हे वाक्य हल्ली घरोघरी ऐकू येते. महाविद्यालयात जाणारा नातू ते आजीला ऐकवतो आणि आजी बिचारी ‘असेल बाबा’ म्हणून गप्प बसते. माझे म्हणणे असे की, या वादात आजीने गप्प बसण्याचे काही कारण नाही. या एका बाबतीत तिची भाषा नातवाच्या भाषेहून अधिक अचूक आहे.

प्रतिपक्षाचे बळ आधी मान्य करू. १८४८ साली अमेरिकेतील व्हर्मांट राज्यात रेल्वेमार्गासाठी सुरुंग ठासताना फिनिअस गेज नावाच्या मुकादमाच्या कवटीतून लोखंडी पहार आरपार गेली. तो जगला, परंतु त्याचा स्वभाव असा पालटला की, ओळखीच्यांना तो निराळाच कोणी वाटू लागला. मेंदूला इजा झाली की माणूस बदलू शकतो, हे कोणी नाकारू नये. डीएनएच्या रचनेचा एक शोधक फ्रान्सिस क्रिक याने १९९४ साली आणखी पुढे जाऊन असे मांडले की, आपली सुखदुःखे, आठवणी आणि आपले स्वत्वही मज्जापेशींच्या व्यापारापलीकडे काही नाही. येथे मात्र थांबले पाहिजे. मेंदूवाचून मन चालत नाही, हे एक विधान. मन म्हणजे मेंदू, हे दुसरे. तारेवाचून सतार वाजत नाही, म्हणून राग म्हणजे तार ठरत नाही.

खरेखोटे पाहायचे तर आपल्या बोलण्यातील ‘मन’ काढून तेथे ‘मेंदू’ घालून पाहावे. ‘पोरीचे सासरी मन रमत नाही.’ ‘त्याने मनावर घेतले आणि दारू सोडली.’ ‘तिने मनावर दगड ठेवून मुलाला आखातात धाडले.’ ‘तो माझ्या मनातून उतरला.’ मेंदू रमत नाही, मेंदूवर कोणी दगड ठेवीत नाही, मेंदूतून कोणी उतरत नाही. यावर उत्तर येईल की, हे निव्वळ अलंकार आहेत. असतील, पण ते ज्याविषयी बोलतात ते खोटे नाही. भावाला मनापासून क्षमा केली की तोंडदेखली, हे आपण कवटी उघडून ठरवीत नाही. भावाच्या लेकीच्या लग्नात तो मांडवात राबतो की पाहुण्यासारखा जेवून जातो, यावरून ठरवतो. विचार करतो तो माणूस, त्याचा मेंदू नव्हे. जे संपूर्ण माणसाविषयी म्हणावयाचे ते त्याच्या एका अवयवाविषयी म्हणणे हा तर्कदोष आहे, असे मज्जावैज्ञानिक मॅक्स बेनेट आणि तत्त्वज्ञ पीटर हॅकर यांनी २००३ साली एका ग्रंथात सविस्तर दाखवले.

तर मग मन ही देहात दडलेली दुसरी एखादी अदृश्य वस्तू आहे काय? फ्रेंच तत्त्वज्ञ रने देकार्त याने १६४१ साली तसेच मांडले: जागा व्यापणारा देह वेगळा आणि विचार करणारे मन वेगळे. ऑक्सफर्डचे गिल्बर्ट राइल यांनी १९४९ साली या मताचा खरपूस समाचार घेतला. त्यांचे उदाहरण विद्यापीठाचे होते. आपण ते आपल्या अंगणात आणू. परगावचा पाहुणा आपले चर्च पाहतो, शाळा पाहतो, दफनभूमी पाहतो, घरे आणि माणसे पाहतो. आणि शेवटी विचारतो, ‘हे सर्व झाले, पण तुमचा धर्मग्राम कुठे आहे?’ धर्मग्राम या सर्वांच्या जोडीला उभी असलेली आणखी एक इमारत नव्हे. मनाचेही तसेच आहे.

मेंदूवाद्यांना उत्तर देण्याच्या भरात आपल्यातील श्रद्धावंत नकळत देकार्तच्या पंक्तीला जाऊन बसतात आणि मन व आत्मा एकच करून टाकतात. त्यांनी तेराव्या शतकातील संत थॉमस अक्विनास यांना विचारावे. त्यांच्या मते आत्मा हा देहाच्या खोलीतील भाडेकरू नव्हे; देहाला जिवंत मानवी देह करणारे ते रूप आहे. नुसता आत्मा म्हणजे संपूर्ण माणूस नव्हे, असेही त्यांनी स्पष्ट सांगितले. आपल्या मातीतील दर्शनांनीही ही गल्लत केलेली नाही. सांख्यांनी मनाला अकरावे इंद्रिय मानले. नैयायिकांनी ते आत्म्याहून भिन्न ठरवले.

हा पंडितांचा शब्दच्छल आहे, असे कोणी म्हणू नये. त्याची किंमत घरातील दुखणाईत माणूस मोजतो. तरुण मुलगा महिनोन्‌महिने अंथरुणावरून उठत नाही, जेवत नाही, बोलत नाही. एक नातलग म्हणतो, ‘मेंदूतील रसायनांचा बिघाड आहे, गोळी दिली की झाले’. आणि मग त्याच्या उशाशी कोणी बसत नाही. दुसरा म्हणतो, ‘मन खंबीर कर, प्रार्थना कर, गोळ्या कशाला?’, आणि आजार हा त्या मुलाचा अपराध ठरतो. पहिल्याने माणसाचे यंत्र केले, दुसऱ्याने भूत. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली असल्याचे गृहीत धरावे, तिला शिक्षा होऊ नये आणि सरकारने तिची काळजी घ्यावी, असे म्हटले. कायद्याला जे कळले ते आपल्या ओसरीवर कळू नये?

त्या मुलाला डॉक्टर हवा, औषध हवे, आणि तितक्याच निकडीने शेजारी बसणारे माणूस हवे. यांतील एक दिले म्हणून दुसरे देण्यातून कोणाची सुटका होत नाही, कारण आजारी पडला आहे तो एक अखंड माणूस. आजी हे जाणते. म्हणून ती त्याला ‘तुझ्या मेंदूत काय चालले आहे?’ असे विचारीत नाही. ती पेजेची वाटी घेऊन जवळ बसते आणि विचारते, ‘बाळा, मनात काय आहे तुझ्या?’ नातवाने विज्ञान अवश्य शिकावे. पण हा प्रश्न विचारण्याची भाषा त्याने गमावू नये.