आवाज वाढवू नका, कमी करायला शिका

घरच्या घरी गाणे ध्वनिमुद्रित करणे आता अवघड राहिलेले नाही. साधा संगणक, एखादा मायक्रोफोन, हेडफोन आणि 'ऑडॅसिटी'सारखा विनामूल्य मिळणारा प्रोग्रॅम एवढ्यावर काम भागते. गायकाचा आवाज, पेटी, तबला, टाळ हे सारे वेगवेगळे मुद्रित करायचे आणि मग त्यांचे एकजीव मिश्रण करायचे. या दुसऱ्या कामाला मिक्सिंग किंवा ध्वनिमिश्रण म्हणतात. ते शिकू पाहणारा विद्यार्थी बहुधा पहिला प्रश्न विचारतो तो असा : "कोणते यंत्र विकत घेऊ?"

माझ्या मते यंत्राचा विचार मागाहून करावा. पहिला धडा एका वाक्यात सांगता येतो आणि त्याला पैसे पडत नाहीत. एखादा आवाज ऐकू येत नसेल तर तो वाढवू नका. त्याच्या आड येणारा आवाज कमी करा. या धड्यामागे थोडे अंकगणित आहे, पदार्थविज्ञान आहे आणि शरीरशास्त्रही आहे.

प्रथम अंकगणित पाहू. संगणकात ध्वनी आकड्यांच्या रूपाने साठवला जातो. सीडीच्या पद्धतीत दर सेकंदाला ४४,१०० वेळा ध्वनिलहरीची उंची मोजतात आणि प्रत्येक माप १६ बिटांत लिहितात. १६ बिटांत मावणारी सर्वांत मोठी धन संख्या ३२,७६७ आहे. समजा, एका क्षणी गायकाच्या आवाजाचे माप २०,००० आहे आणि त्याच क्षणी पेटीचे १५,००० आहे. बेरीज झाली ३५,०००. ती मावणार कशी? तयार फाइलमध्ये ती ३२,७६७ वरच अडते आणि लहरीचा माथा सपाट कापला जातो. अशा कापलेल्या लहरीत मूळ गाण्यात नसलेल्या नव्या कंप्रता शिरतात. 'आवाज फाटला' असे आपण म्हणतो ते हेच. गायक ऐकू येईना म्हणून त्याला वाढवले, तबला मागे पडला म्हणून त्याला वाढवले, मग टाळांना वाढवले, की ही चढाओढ त्या छताला जाऊन टेकते. खाली मात्र भरपूर जागा रिकामी असते. १६ बिटांत सर्वांत मोठा आणि सर्वांत बारीक आवाज यांतले अंतर सुमारे ९६ डेसिबेल भरते.

आता कानाकडे वळू. रात्री घड्याळाची टिकटिक स्पष्ट ऐकू येते, दिवसा येत नाही. घड्याळ तेच, टिकटिकही तेवढीच. दिवसाच्या गडबडीने ती झाकली जाते, इतकेच. एका ध्वनीने दुसऱ्याला असे झाकणे म्हणजे ध्वनीचे आच्छादन. दोन ध्वनींच्या कंप्रता जवळजवळ असल्या की आच्छादन अधिक होते.

एखाद्या अभंगाचे उदाहरण घ्या. पुरुष गायक काळी एकमध्ये गात असेल तर त्याचा मध्य सप्तकातला 'सा' सेकंदाला सुमारे १३९ कंपनांचा असतो आणि वरचा 'सा' सुमारे २७७ कंपनांचा. साथीची पेटीही तीच चाल याच सुमारास वाजवत असते. साहजिकच पेटी स्वरांना झाकते. शब्द कळतात ते मुख्यतः व्यंजनांमुळे, आणि 'स', 'श' यांसारख्या व्यंजनांची शक्ती कित्येक हजार कंपनांच्या पट्ट्यात असते. नेमक्या त्याच पट्ट्यात टाळ खणखणतात. म्हणजे स्वर पेटीने झाकले आणि शब्द टाळांनी. अशा वेळी गायकाला कितीही वाढवले तरी मिश्रण मोकळे होत नाही. गायक गात असताना पेटी तीन-चार डेसिबेल खाली घ्या, दोन ओळींमधल्या जागेत तिला पुन्हा वर येऊ द्या, टाळांना थोडे मागे ठेवा. गायकाला हातही न लावता तो पुढे येतो.

कमी करणे म्हणजे डोळे मिटून कापणे मात्र नव्हे. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासह १९२० मध्ये दाखवून दिले होते, की साध्या ताणलेल्या कातड्याचे उपस्वर सुरेल प्रमाणात नसतात. पण आपल्या तबला-मृदंगांवरच्या शाईमुळे ते जवळजवळ तसे होतात. म्हणून तर दायाँ गायकाच्या षड्जात मिळवता येतो. इक्वलायझर हाती आला म्हणून तबल्याचे मधले स्वर सरसकट छाटले, तर कारागिराने शाई भरून कमावलेला सूरच आपण घालवून बसतो. काय कमी करायचे हे कानाने ओळखावे, आणि किती करायचे हे थोडे थोडे करून पाहावे.

जुन्या लोकांना हे तत्त्व नाइलाजाने पाळावे लागले. १९०२ मध्ये फ्रेड गैसबर्ग कोलकात्याला आला आणि त्याने गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले. तेव्हा मायक्रोफोनने ध्वनिमुद्रण करण्याची पद्धत नव्हती. गायक एका कर्ण्यात गात असे आणि ध्वनीच्या जोरावर सुई मेणाच्या तबकडीत रेघ कोरत असे. वाढवायला बटणच नाही! मोठ्या आवाजाच्या वाद्याला कर्ण्यापासून दूर ठेवणे एवढाच उपाय. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की ध्वनीची पातळी ६ डेसिबेलांनी उतरते. त्या काळचे मिश्रण असे पावलांनी मोजून केले जाई.

मग आपल्याला वाढवण्याचा मोह का होतो? कारण कान आपल्याला फसवतो. १९३३ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या हार्वे फ्लेचर व वाइल्डन मन्सन यांनी कोणत्या कंप्रतेचा ध्वनी किती मोठा भासतो याचे आलेख प्रसिद्ध केले. १००० कंपनांचा ध्वनी ४० डेसिबेलांवर जेवढा मोठा वाटतो, तेवढाच मोठा वाटण्यासाठी १०० कंपनांच्या ध्वनीला ६० हून अधिक डेसिबेल लागतात. एकूण पातळी चढवत नेली की ही तफावत कमी होते. त्यामुळे तेच मिश्रण नुसते मोठ्याने लावले तरी डग्गा भरदार वाटतो आणि गाणे 'सुधारले' असा भास होतो. प्रत्यक्षात काहीही सुधारलेले नसते.

हा प्रयोग जरूर करून पाहा. एकाच मिश्रणाच्या दोन प्रती करा. दुसरी प्रत फक्त २ डेसिबेलांनी मोठी ठेवा. काही न सांगता पाच-सहा मित्रांना दोन्ही ऐकवा आणि 'कोणती चांगली?' असे विचारा. उत्तरे वहीत लिहून ठेवा. मग दोन्हींची पातळी सारखी करून दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा. मिश्रणात काही बदल केला असेल, तर जुने व नवे मिश्रण सारख्या पातळीवर आणूनच तुलना करावी, हा नियम तुम्हाला या प्रयोगातून आपोआप पटेल. तराजूची पारडी समान नसतील तर वजनाला अर्थ नाही.

कोणी म्हणेल, 'बाजारात मोठा आवाजच खपतो.' एके काळी तशी स्पर्धा होती खरी. २००८ मध्ये मेटॅलिका या प्रसिद्ध वाद्यवृंदाचा 'डेथ मॅग्नेटिक' हा संग्रह इतका दाबून मोठा केलेला होता, की चाहत्यांनीच तक्रार केली. त्याच गाण्यांची एका व्हिडिओ खेळातली कमी दाबलेली आवृत्ती त्यांना अधिक आवडली. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २००६ मध्येच जाणवणारी ध्वनिपातळी मोजण्याची पद्धत ठरवून दिली होती. आज अनेक संगीतसेवा अशा मापाच्या आधारे सगळी गाणी साधारण एका पातळीवर आणून ऐकवतात. तुम्ही गाणे दाबून मोठे केले, तर ते तिकडे खाली उतरवले जाते. चढउतार मात्र गेले ते गेलेच.

दुसरा कोणी म्हणेल, 'आता संगणक आपोआप मिक्सिंग करतो, मग शिकायचे कशाला?' प्रोग्रॅम पातळ्या जुळवील. पण या कडव्यात महत्त्व शब्दांना आहे की पेटीच्या त्या एका हरकतीला, हे गाणाऱ्याने आणि ऐकणाऱ्याने ठरवायचे असते. ते ठरवता येणे म्हणजेच मिक्सिंग येणे.

शेवटचे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. गाणे ऐकणारा एकदा-दोनदा ऐकतो. मिक्सिंग शिकणारा तोच तुकडा पन्नास वेळा ऐकतो, तोही हेडफोन लावून. प्रत्येक अंतर्कर्णात जन्मतः सुमारे १५,००० केशपेशी असतात. माणसात त्या एकदा नष्ट झाल्या की पुन्हा उगवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मुलांनी ७५ डेसिबेलांवर आठवड्याला ४० तासांपेक्षा अधिक ऐकू नये, आणि दर ३ डेसिबेलांमागे ही वेळ निम्मी करावी. हिशेब करून पाहा : ७८ ला २० तास, ८१ ला १०, ८४ ला ५, ८७ ला अडीच आणि ९० डेसिबेलांना अवघा सव्वा तास, तोही सबंध आठवड्यात! मायक्रोफोन बिघडला तर नवा आणता येईल. कानाचे तसे नाही.

तेव्हा यंत्रांच्या किमती पाहण्याआधी एक महिनाभर असे करा. एकच गाणे घ्या. हेडफोन लावूनही शेजारच्याचे साधे बोलणे कळेल इतक्या हळू आवाजात काम करा. पाऊण तास झाला की कानांना विश्रांती द्या. सरकत्या दांड्या, ज्यांना फेडर म्हणतात, त्या फक्त खाली घेण्याची स्वतःला परवानगी द्या. नंतर तेच मिश्रण मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर ऐका. डग्गा जवळजवळ नाहीसा होईल, पण शब्द कळले आणि ताल सापडला तर तुमचे काम नीट झाले आहे. आणि शिक्षकांनाही एक विनंती : ध्वनीचा धडा शिकवताना कंपनकाट्याबरोबर एखादे असे मिश्रणही वर्गात ऐकवा. डेसिबेल आणि कंप्रता हे शब्द मग पाठ करावे लागणार नाहीत.